दम्याचा पंप : कोणता चांगला, आणि कोणाला?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात तीस-चाळीस मुले असतील, तर त्यांपैकी एखाद्याच्या तरी घरी दम्याचा रुग्ण निघेलच. कुणाचे आजोबा, कुणाची आई, कुणाचे काका. घरातल्या फडताळात किंवा खिशात त्यांचा ‘पंप’ असतो. डॉक्टर त्याला इनहेलर म्हणतात. ‘कोणता पंप चांगला?’ हा प्रश्न अशा घरांत हमखास निघतो. त्याचे उत्तर औषधाच्या दुकानात मिळत नाही, असे माझे मत आहे. ते कुठे मिळते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी माझ्या एका मामांची गोष्ट सांगतो. मामा बँकेत नोकरीला होते. दमा जुना. सात वर्षांत त्यांनी तीन पंप बदलले. पहिला दाबायचा, दुसरा कॅप्सूल घालून ओढायचा, तिसरा त्या दोहोंपेक्षा महाग. तक्रार मात्र दर वेळी एकच : ‘याने काही होत नाही.’ शेवटी ते एका नव्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेण्याआधी म्हटले, ‘‘काका, तुमचा पंप काढा आणि माझ्यासमोर घेऊन दाखवा.’’ मामांनी झाकण काढले, पंप तोंडात धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. औषधाचा पांढरा फवारा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येताना सर्वांना दिसला. सात वर्षांत ‘घेऊन दाखवा’ असे त्यांना कोणी प्रथमच म्हटले होते!

मला जे म्हणायचे आहे, ते या दोन शब्दांत आले. पण नुसते मत सांगून भागत नाही. त्याला कारणे द्यावी लागतात. म्हणून आधी ही यंत्रे समजून घेऊ.

औषध श्वासावाटेच का?

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साधी सर्दी यांचे निमित्त होते आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. वाट अरुंद होते, चिकट कफ साठतो, छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागतो. म्हणजे उपाय दोन हवेत. एक, आवळलेले स्नायू लगेच सैल करणारा. आणि दुसरा, मूळची सूज हळूहळू उतरवणारा. पहिल्या कामासाठी साल्ब्युटामॉलसारखी औषधे आहेत, दुसऱ्यासाठी श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडे.

ही औषधे पोटातूनही देता येतात. मग पंपच कशाला? थोडे गणित करा. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध येते. एका गोळीतल्या औषधात ४० दाब झाले! गोळीतले औषध पोटातून रक्तात जाते आणि सगळ्या शरीरभर फिरून मग फुप्फुसात पोचते. म्हणून हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्रास अधिक होतात. पंप औषध थेट जागेवर नेऊन ठेवतो. मात्रा कमी, काम लवकर. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ ही घरोघर ऐकू येणारी वाक्ये या गणिताच्या अगदी उलट आहेत. पंप ही पहिली पायरी आहे.

घाटातले वळण

थेट जागेवर जायचे, पण वाट सोपी नाही. तोंडातून आत गेलेली हवा घशाशी जवळजवळ काटकोनात वळते. पुढे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला आणखी दोन, असे करत करत वायुकोशांपर्यंत सुमारे २३ वेळा फाटे फुटतात.

घाटातून वेगाने उतरणारा भरलेला मालट्रक डोळ्यांसमोर आणा. वळण आले की तो सरळच जाऊ पाहतो आणि कठड्यावर आदळतो. सायकलस्वार मात्र सहज वळतो. हे जडत्व. औषधाच्या कणांचेही तसेच होते. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण घशाच्या वळणावर आदळून तिथेच चिकटतात आणि मग गिळले जातात. फारच बारीक, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण हवेबरोबर आत जातात आणि त्यांतले बरेचसे हवेबरोबरच बाहेर येतात. कामाचे कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे. प्रत्येक पंपाची परीक्षा एकच असते : या मापाचे कण किती तयार होतात आणि ते वळण ओलांडून जातात का?

यंत्रांच्या जाती

पहिली जात दाबाच्या पंपाची. तिचा जन्म एका शाळकरी मुलीच्या प्रश्नातून झाला, हे तुम्हाला आवडेल. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख डॉ. जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. रबरी फुगा दाबून चालवायचे काचेचे उपकरण तिला वापरावे लागे. १९५५ मध्ये तिने वडिलांना विचारले, ‘केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डबीत माझे औषध का मिळत नाही?’ पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, असा पंप बाजारात आला. डबीत दाबाखाली द्रवरूप झालेला वायू आणि औषध असते. तळाशी एक झडप असते. ती दर दाबाला ठरावीकच माप सोडते. बाहेर पडताच द्रवाची वाफ होते आणि औषधाचे कण सुसाट सुटतात. वेग एवढा की बरेचसे औषध घशावर आदळते. जुन्या पंपांवर केलेल्या मोजमापांत, पद्धत बरोबर असूनही, फुप्फुसात पोचणारा वाटा साधारण १० ते २० टक्केच आढळला होता.

दुसरी जात कोरड्या भुकटीच्या यंत्राची. हिच्यात वायू नाही, दाब नाही. रुग्णाचा श्वास हेच इंजिन. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॉ. रॉजर अल्टुन्यान यांनी असे एक यंत्र घडवले. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते, औषधांचे प्रयोग स्वतःवर करीत, आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांच्या यंत्रात श्वास ओढला की विमानाच्या पंख्यासारखा छोटा पंखा फिरे आणि कॅप्सूलमधली भुकटी उधळे. आपल्याकडे घरोघर दिसणारे रोटाहेलर याच घराण्यातले. भुकटीत औषधाचे बारीक कण दुग्धशर्करेच्या मोठ्या कणांना चिकटलेले असतात. श्वास जोरात ओढला तरच ते सुटे होतात. साखर घशात राहते, म्हणून तोंड किंचित गोड होते. औषध पुढे जाते.

तिसरी जात अलीकडची, मंद तुषारांची. हिच्यात स्प्रिंगच्या जोराने द्रव औषध अतिशय बारीक छिद्रांतून ढकलले जाते. फवारा सावकाश निघतो आणि सेकंदाहून अधिक काळ टिकतो. दाबाच्या पंपाचा फवारा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपतो. यंत्र चांगले, पण महाग, आणि त्यात मिळणारी औषधे मोजकी.

याशिवाय श्वास ओढताच आपोआप सुटणारे पंप आहेत. आणि दाबाच्या पंपाचा एक साधा सोबती आहे, स्पेसर. हा प्लॅस्टिकचा पोकळ डबा पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसतो. फवाऱ्याचा वेग त्यात मंदावतो, मोठे कण डब्याच्या भिंतीवरच बसतात आणि दाबणे व ओढणे यांची वेळ अचूक जुळवण्याची गरज उरत नाही.

मग चांगला कोणता?

संशोधकांनीही हाच प्रश्न विचारला. २००१ साली ब्रिटनमध्ये तोवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा की दम्याच्या औषधासाठी इतर महाग यंत्रे साध्या दाबाच्या पंपापेक्षा सरस ठरल्याचा पुरावा नाही. २००५ साली अमेरिकेत झालेल्या अशाच आढाव्यातही, नीट वापरली तर सर्व जातींची यंत्रे सारखेच काम करतात, असे आढळले.

‘नीट वापरली तर’ हे तीन शब्द पुन्हा वाचा. सगळी मेख तिथे आहे. अशा चाचण्यांत रुग्णाला यंत्र शिकवलेले असते. ज्याला जमत नाही, त्याला बहुधा चाचणीत घेतच नाहीत. घरी काय होते? १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतील पाहण्यांचा एक आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंपाची पद्धत पूर्ण बरोबर असलेले रुग्ण सुमारे ३१ टक्केच होते. दाबाच्या पंपात जवळजवळ निम्मे लोक दाबणे आणि ओढणे यांची वेळ चुकवत. भुकटीच्या यंत्रात जवळजवळ निम्मे लोक आधी श्वास पुरता बाहेर सोडत नसत. आणि सर्वांत खेदाची गोष्ट अशी की चाळीस वर्षांत यंत्रे कितीतरी बदलली, पण चुकांचे प्रमाण बदलले नाही.

कोणी म्हणेल, शिकवत बसण्यापेक्षा कधीच न चुकणारे यंत्र का बनवू नये? जरूर बनवावे. पण चाळीस वर्षांचा हा अनुभव सांगतो की प्रत्येक नवे यंत्र आपली नवी चूक बरोबर घेऊन येते. दाबायची गरज नको म्हणून कॅप्सूलचे यंत्र आणले, तर काहींनी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली!

दोन उलटे श्वास

एक गोष्ट मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. दाबाच्या पंपासाठी श्वास सावकाश आणि खोल हवा, चार-पाच सेकंद चालणारा. जोरात ओढला तर कण मालट्रकसारखे आदळतात. भुकटीच्या यंत्रासाठी नेमके उलटे : पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल. सावकाश ओढला तर भुकटी सुटीच होत नाही. दोन्हींत आधी श्वास बाहेर सोडायचा (यंत्रात मात्र फुंकायचे नाही) आणि औषध घेतल्यावर सुमारे दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखून धरायचा.

आता असा रुग्ण कल्पा, की ज्याला सकाळ-संध्याकाळचे औषध भुकटीच्या यंत्रात आणि धाप लागल्यावर घ्यायचे औषध दाबाच्या पंपात दिले आहे. त्याने दोन उलट्या सवयी सांभाळायच्या, आणि दुसरी तर जीव घाबरा झालेला असताना! म्हणून माझे स्पष्ट मत आहे : शक्य असेल तिथे एका माणसाला एकाच जातीचे यंत्र द्यावे.

ते कोणते, हे त्या माणसाची बोटे आणि श्वास पाहून ठरवावे. ज्याचा श्वास जोरदार आहे पण वेळ जुळत नाही, त्याला भुकटीचे यंत्र चालेल. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला डबी दाबणे जड जाईल. फार थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला भुकटी ओढायला लागणारा जोर नसेल. त्याला दाबाचा पंप आणि स्पेसर बरा. मोठा झटका आला असताना तरुणाचाही जोर कमी पडतो, तेव्हाही हीच जोडी भरवशाची. झटका प्राणघातक स्वरूपाचा नसेल, तर ही जोडी नेब्युलायझरइतकेच काम करते, असे प्रौढांवरील चाचण्यांतही दिसले आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात भुकटीला दमटपणा लागतो आणि तिच्या गुठळ्या होतात. म्हणून कॅप्सूल घेण्याच्या क्षणीच पट्टीतून काढावी आणि यंत्र कोरडे ठेवावे.

स्पेसर महाग वाटतो, मोठा म्हणून बरोबर नेण्याची लाज वाटते, असे लोक सांगतात. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे दम्याचा झटका आलेल्या मुलांवर एक चाचणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या साध्या बाटलीच्या तळाला पंपाच्या मापाचे भोक पाडून ते घट्ट बसवले, तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम करते, असे तिच्यात आढळले. विकतचा स्पेसर मिळत असेल तर तोच घ्यावा. पण पैशांवाचून काही अडून राहत नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

आणखी एक गंमत. नव्या प्लॅस्टिकच्या स्पेसरमध्ये औषधाचे कण भिंतीला चिकटतात. का? केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, त्याच कारणाने, स्थिर विद्युतभारामुळे. म्हणून स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवावा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्यावा.

आत काय आहे?

यंत्राची चर्चा करताना त्याच्या आत काय आहे, हे विसरून चालणार नाही. पुष्कळ जण धाप लागली की आराम देणारा पंप घेतात आणि स्टेरॉइडच्या नावाने घाबरून सूज उतरवणारा पंप टाकून देतात. हे घर गळत असताना छप्पर दुरुस्त न करता नुसती फरशी पुसण्यासारखे आहे. केवळ साल्ब्युटामॉलवर दम्याचा उपचार करू नये, प्रौढांना व किशोरांना स्टेरॉइडयुक्त पंप मिळालाच पाहिजे, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत आहेत. पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. ते घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंडात बुरशी येण्याचा त्रासही टळतो.

एक प्रश्न हवेचाही आहे. जुन्या पंपांतील क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हळूहळू काढून टाकले गेले. त्यांच्या जागी आलेला वायू ओझोनला धक्का लावत नाही; पण पृथ्वी तापवण्यात तो, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट आहे. समजा, एका डबीत १५ ग्रॅम वायू आहे. गुणाकार करा : साडेएकोणीस किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम! भुकटीच्या यंत्राची ही जमेची बाजू आहे. पण म्हणून आजीचा पंप काढून घ्यायचा का? मुळीच नाही. जो दमा आटोक्यात आहे, त्याला आराम देणारे दाब कमीच लागतात. पद्धत सुधारली की फुकट जाणारा वायूही वाचतो.

तुम्ही काय कराल?

जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के आपल्या देशात होतात, असा जागतिक रोगभाराचा अंदाज आहे. औषधे आपल्या देशातच बनतात. मग उणीव कुठे आहे? औषध परवडत नाही, निदान उशिरा होते, पंपाची लाज वाटते, ही कारणे आहेतच. पण हाती आलेला पंपही वाया जातो, हे कारण दूर करायला कारखाना लागत नाही. पाच मिनिटे लागतात. डॉक्टरांनी, परिचारिकांनी, औषध देणाऱ्या दुकानदारांनी ती पाच मिनिटे औषधाचाच भाग मानली पाहिजेत. आणि एकदा नव्हे, तर दर भेटीत. कारण शिकलेली पद्धतही काही महिन्यांत बिघडते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की श्वसनसंस्थेचा धडा शिकवताना एक रिकामा पंप आणि एक स्पेसर वर्गात आणावा. पंपाची ओळख झाली की त्याची लाजही जाईल. आणि दम्याच्या मुलाला आपला पंप दप्तराच्या तळाशी लपवावा लागणार नाही.

आणि मुलांनो, तुम्ही घरच्या मोठ्यांना नम्रपणे म्हणा, ‘‘आजोबा, पंप घ्यायची वेळ झाली की मला बघू द्या.’’ आधी श्वास सोडला का? दाबणे आणि ओढणे जुळले का? श्वास सावकाश हवा होता की जोरात? दहा सेकंद रोखला का? चूक दिसली तर औषध किंवा मात्रा आपण बदलायची नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ‘घेऊन दाखवायला’ सांगायचे. मात्र बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर निरीक्षण करत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

मामांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. त्या डॉक्टरांनी त्यांना नवा पंप दिला नाही. पहिलाच, सर्वांत स्वस्त पंप पुन्हा दिला, त्याला एक स्पेसर जोडला आणि तीन वेळा समोर घेऊन दाखवायला लावले. मामा आता जिना चढून आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. वर आल्यावर पाणी मागतात, पंप नाही.